दोन मुंबया, दोनशे बहात्तर मालगाड्या आणि उणे भावाचं तेल

हजाराची एक नोट डोळ्यांसमोर आणा. २०१० साली ती चालत होती. जाडी म्हणाल तर मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. तिच्यावर दुसरी ठेवा, दुसरीवर तिसरी, आणि रचतच राहा. चळत कळसूबाईएवढी झाली तरी हात थांबवायचा नाही. एव्हरेस्ट खाली राहिलं तरी नाही. साडेपंधरा किलोमीटर झाले की थांबा. नऊ कळसूबाई एकीवर एक उभ्या केल्या तरी ही चळत त्यांच्यावरून डोकावेल. एकूण रक्कम सुमारे १५,५०० कोटी रुपये! मुंबईच्या रिलायन्स इंडस्ट्रीजने २०१० मध्ये, एप्रिल ते ऑगस्ट एवढ्या काळात, अमेरिकेतल्या काळ्या दगडासाठी एवढ्या रकमेचा शब्द दिला.

दगडाचं नाव शेल. त्याच्या पोटात गॅस, काही ठिकाणी तेल. सौदे तीन. एप्रिलमध्ये ॲटलस एनर्जीबरोबर १७० कोटी डॉलरचा, पेनसिल्व्हेनियातल्या मार्सेलस शेलसाठी. जूनमध्ये पायोनियर नॅचरल रिसोर्सेसबरोबर १३१.५ कोटी डॉलरचा, टेक्सासमधल्या ईगल फोर्ड शेलसाठी. ऑगस्टमध्ये कॅरिझो ऑइल अँड गॅसबरोबर ३९.२ कोटी डॉलरचा, पुन्हा मार्सेलसमध्येच. सगळे पैसे एकदम मोजायचे नव्हते. मोठा भाग पुढच्या काही वर्षांत भागीदाराच्या वाट्याचा ड्रिलिंगचा खर्च उचलून फेडायचा होता. पण शब्द तो शब्द. चार महिन्यांवर तो वाटून पाहा. दर तासाला पाच कोटींहून जास्त! रात्री झोपलात, सकाळी सात तासांनी उठलात, तर तेवढ्यात पस्तीस कोटींची भर.

या पैशांत मिळालं काय? जमिनीखालच्या गॅस-तेलातला वाटा. रिलायन्सच्या हिश्शाला तिन्ही सौद्यांचे मिळून सुमारे तीन लाख एकर आले. एकर म्हणजे चाळीस गुंठे, तेव्हा एक कोटी वीस लाख गुंठे! ॲटलसच्या सौद्यात गुंठ्याला साधारण सोळा हजार रुपये पडले, पायोनियरच्या सौद्यात तेरा हजार. हिंजवडीचे गुंठामंत्री हा भाव ऐकून खो-खो हसतील. पण त्यांना सांगा की या व्यवहारात सातबारा हातात येत नाही. वरची गाय, गोठा, मक्याचं शेत, सगळं मूळ मालकाचंच. आपल्याकडे भूगर्भातलं तेल सरकारचं. तिकडे ते बहुधा जमीनमालकाचं, किंवा ज्याने त्याच्याकडून हक्क विकत घेतला त्याचं. कंपनी भाडेपट्ट्याने फक्त खालचा हक्क घेते आणि निघालेल्या मालातला ठरलेला हिस्सा मालकाला देते. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने हा हिस्सा आठव्या भागापेक्षा कमी असू शकत नाही. रुपयात दोन आणे, घरबसल्या!

आणि तीन लाख एकर म्हणजे किती? सुमारे १,२०० चौरस किलोमीटर. कुलाब्यापासून दहिसरपर्यंत आणि मुलुंडपर्यंतची अख्खी मुंबई ६०३ चौरस किलोमीटरची. म्हणजे एका मुंबईकर कंपनीने सातासमुद्रापार दोन मुंबयांच्या पोटातला हक्क घेतला. तोही पूर्ण दगडाचा एक बारीकसा तुकडा. ईगल फोर्डचा पट्टा ६४० किलोमीटर लांब आणि ८० किलोमीटर रुंद. समृद्धी महामार्ग मुंबईकडून निघून नागपूरच्या थोडा अलीकडे संपला, आणि सहा पदरांऐवजी त्याची रुंदी ८० किलोमीटर झाली, तर जे दिसेल ते ईगल फोर्ड. जाडी सरासरी २५० फूट, म्हणजे पंचवीस मजली इमारतीएवढी. मार्सेलस त्याहून अवाढव्य. त्याचा फैलाव अडीच लाख चौरस किलोमीटरच्या घरात. महाराष्ट्राचे पाच भाग केले तर त्यातले चार भाग झाकले जातील!

वयही ऐकून ठेवा. आपल्या सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा. ईगल फोर्ड नऊ कोटींच्या पुढचा. मार्सेलस तर ३९ कोटी वर्षांचा. या दगडाच्या पोटात गॅस कसा तयार झाला, दगडाने तो इतकी वर्षं मुठीत कसा धरून ठेवला, हे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात ते मान्य करू आणि थेट विहिरीत उतरू.

साताऱ्याजवळ लिंब गावाची बारा मोटेची विहीर पाहिली आहे? ११० फूट खोल. वरून वाकून पाहिलं की पोटात गोळा येतो. आता गंमत बघा. अमेरिकेच्या तेलधंद्याची सुरुवात जिच्यापासून मानतात, ती एडविन ड्रेकची विहीर १८५९ मध्ये याच पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलला खणली गेली. तिची खोली साडेएकोणसत्तर फूट! आपल्या बारा मोटेच्या विहिरीपेक्षाही उथळ. तिथून उडी मारा आजच्या शेल विहिरीवर. ती सरळ खाली जाते दोन-तीन किलोमीटर. तीन किलोमीटर धरले तर नव्वद बारा मोटेच्या विहिरी एकीखाली एक. आणि त्या तळाशी गेल्यावर ती वळते! पोलादी नळ्यांची ती लांबलचक माळ हळूहळू वाकते, आडवी होते आणि दगडाच्या थरातून आणखी दोन-तीन किलोमीटर सरळ घुसत जाते. भोक केवढं? वीतभर रुंद. खाली तीन आणि आडवी तीन, अशा सहा किलोमीटरच्या पंचवीस विहिरी सरळ करून जोडल्या तर मुंबईहून पुणं आलं. आणि अमेरिकेत अशा विहिरी पंचवीस नाहीत, हजारोंनी आहेत.

पण नुसतं भोक पाडून गॅस येत नाही. दगड फोडावा लागतो. हे तंत्र टेक्सासमध्ये जॉर्ज मिचेल नावाच्या जिद्दी माणसाच्या कंपनीने बसवलं. १९८१ मध्ये बार्नेट शेलमध्ये पहिली विहीर खणली, आणि स्वस्तात भरपूर गॅस काढणारं पाण्याचं सूत्र सापडायला १९९८ उजाडलं. सतरा वर्षं! पहिलीत घातलेलं पोर बी.ए. होऊन वर दोन वर्षं नोकरी करतं, तेवढा काळ हा माणूस दगडावर डोकं आपटत होता. मग २००२ मध्ये त्याने कंपनी डेव्हन एनर्जीला विकली, साडेतीनशे कोटी डॉलरला.

फोडण्याचं काम जवळ जाऊन पाहू. विहिरीच्या तोंडाशी पोलादी झडपांचा माणसापेक्षा उंच खांब. दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून ट्रक उभे, प्रत्येकावर एकेक पंप. आडव्या भोकाचे साठ-साठ मीटरचे टप्पे पाडलेले. आधी अगदी टोकाच्या टप्प्यात बारीक स्फोटांनी नळीला छिद्रं पाडायची. मग सगळे पंप एकदम सुरू. सगळ्यांची मिळून ताकद ४० हजार अश्वशक्तीच्या आसपास. आपल्या शेतातली मोटर पाच एचपीची. म्हणजे एका विहिरीवर आठ हजार शेतकऱ्यांच्या मोटरी एकाच वेळी चालू! किंवा एक्स्प्रेस गाडी ओढणारी सहा-साडेसहा डब्ल्यूएपी-७ इंजिनं. दाब चौरस इंचाला नऊ हजार पौंड. गाडीच्या टायरमध्ये आपण बत्तीस भरतो. म्हणजे पावणेतीनशे टायरांचा दाब एका नळीत. दगडाला तडे जातात. टप्पा बंद करायचा, एक पाऊल मागे, पुढचा टप्पा. दोन किलोमीटरच्या भोकात असे तीसेक टप्पे.

आणि पाणी? इथे मराठवाड्याच्या माणसाने खुर्ची घट्ट धरावी. २०१० च्या सुमारास एका विहिरीला सुमारे १ कोटी ९० लाख लिटर पाणी लागायचं. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली होती, ती जलदूत आठवते ना? पन्नास वाघिणी, २५ लाख लिटर. देशभर बातमी झाली होती. तशा साडेसात गाड्या रिकाम्या केल्या की एक शेल विहीर भागते. माणशी रोज ५५ लिटर धरले तर हजार वस्तीच्या गावाला हे पाणी साडेअकरा महिने पुरेल. आणि हे जुन्या, आखूड विहिरींचं. आताच्या लांब विहिरी पाच-सहा कोटी लिटर पितात. वीस ते चोवीस जलदूत, एका भोकासाठी!

पाण्यातून वाळू जाते. तडे मिटू नयेत म्हणून त्यांत वाळूचे कण अडकवायचे. कण केवढा? रव्याहून बारीक. सगळा डोलारा उभा आहे तो या कणावर. आज टेक्सासमधल्या मोठ्या विहिरीत दहा हजार टनांच्या आसपास वाळू जाते. घर बांधलंय त्यांना ब्रास कळेल, तेव्हा ब्रासमध्येच सांगतो. सुमारे २,२०० ब्रास. चार ब्रासचा हायवा धरला तर साडेपाचशे हायवा वाळू. आपल्या नदीतून एवढी उपसली तर तहसीलदाराची झोप उडेल.

इतका खटाटोप केल्यावर येतं किती? मार्सेलसमधली चांगली विहीर सुरुवातीला दिवसाला एक कोटी घनफूट गॅस देते. मुंबईत पाइपचा गॅस वापरणारं घर दिवसाला अर्धा घनमीटर जाळतं. त्या हिशेबाने वीतभर रुंदीच्या एका भोकावर साडेपाच लाख घरांचा स्वयंपाक! पण ही विहीर फार लवकर दमते. वर्षभरात साठ-सत्तर टक्के गॅस आटतो. साडेपाच लाख चुली होत्या तिथे दोन लाख उरतात. मग काय करायचं? दुसरी खणायची. तिसरी खणायची. तीन लाख एकर कशाला हवे होते, ते आता कळलं असेल.

एक कंपनी असं खणत होती तेव्हा शेकडो कंपन्या तेच करत होत्या. त्या सगळ्यांची बेरीज करू. टेक्सासमध्ये तेल-गॅसवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचं नाव आहे रेलरोड कमिशन. १८९१ मध्ये ते रेल्वेसाठीच निघालं, आज रेल्वेचं काहीही पाहत नाही. पण आपण त्याचा मान राखू आणि मोजणी मालगाड्यांनीच करू. टेक्सास आणि न्यू मेक्सिकोत पसरलेलं पर्मियन खोरं सध्या दिवसाला साठ लाखांहून जास्त बॅरल तेल देतं. बॉम्बे हायने मार्च १९८५ मध्ये आपला उच्चांक गाठला तेव्हा आकडा होता ४ लाख ७१ हजार. म्हणजे ऐन भरातली बारा-तेरा बॉम्बे हाय, एका खोऱ्यात! आपल्या रेल्वेच्या पन्नास टाकी-वाघिणींच्या मालगाडीत बावीस हजार बॅरल मावतात. साठ लाखांना बावीस हजाराने भागा. दोनशे बहात्तर मालगाड्या. रोज! दर सव्वापाच मिनिटांनी एक, रात्रंदिवस, मेगाब्लॉकशिवाय. त्या एकामागे एक उभ्या केल्या तर शेवटची वाघीण सीएसएमटीच्या फलाटावर आणि पहिलं इंजिन पिंपरी-चिंचवडला. एका दिवसाचं तेल घाट चढून पुण्याच्या वेशीवर!

गॅसचं तर विचारू नका. मार्सेलस आज दिवसाला सुमारे २,५०० कोटी घनफूट गॅस देतं, आपला अख्खा देश वापरतो त्याच्या जवळपास चौपट. खतकारखाने, वीजकेंद्रं, सीएनजीच्या रिक्षा सगळं धरून. पुन्हा मुंबईच्या चुलीने मोजा. एकशे चाळीस कोटी चुली! देशातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाला, पाळण्यातल्या बाळासकट, स्वतःचं स्वतंत्र स्वयंपाकघर.

आता कळ इथेच आहे. एवढा माल बाजारात आला की भावाचं काय होतं, हे लासलगावच्या कुठल्याही कांदा उत्पादकाला विचारा. २००८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत गॅसचा भाव एका एककाला बारा डॉलरच्या वर होता. रिलायन्सचे सौदे झाले तेव्हा चार-पाच. एप्रिल २०१२ मध्ये दोनच्या आत. चार वर्षांत सहावा हिस्सा! तेलाने तर २० एप्रिल २०२० रोजी कमालच केली. करोनाने जग ठप्प, टाक्या तुडुंब, आणि अमेरिकी तेलाच्या वायद्याचा भाव बॅरलला उणे ३७.६३ डॉलर. उणे! तेल घेऊन जा आणि वर पैसेही घेऊन जा. बॅरलमध्ये १५९ लिटर. म्हणजे लिटरमागे अठरा रुपये गिऱ्हाइकाला.

रिलायन्सनेही एकेक दुकान आवरत आणलं. ईगल फोर्डमधल्या पाइपलाइनींतला वाटा २०१५ मध्ये १०७ कोटी डॉलरला गेला, तो छानच गेला. मग २०१७ मध्ये कॅरिझोबरोबरची मार्सेलसची जमीन १२.६ कोटी डॉलरला. ३९.२ कोटींच्या सौद्याचे १२.६, रुपयाला बत्तीस पैसे. फेब्रुवारी २०२१ मध्ये मूळ ॲटलसवाला मार्सेलसचा वाटा २५ कोटी डॉलर रोखीने. १७० चे २५, रुपयाला पंधरा पैसे! मधल्या वर्षांत गॅस विकून मिळालं ते वेगळं, नव्या विहिरींत घातलं तेही वेगळं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ईगल फोर्डही विकलं आणि कंपनी अमेरिकेच्या शेलमधून पूर्ण बाहेर पडली.

आणि ती बाहेर पडल्यावर दोन वर्षांच्या आत काय व्हावं? जुनी भागीदार पायोनियर, जिची खरी जहागीर पर्मियनमध्ये होती, ती विकत घेण्याचा सौदा एक्सॉनमोबिलने जाहीर केला. किंमत ५,९५० कोटी डॉलर, शेअरच्या रूपात. आपले जवळपास पाच लाख कोटी रुपये! हजाराची नोट आता नाही, म्हणून पाचशेच्या रचू. चळत जाते ९९० किलोमीटर उंच. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक चारशे किलोमीटरवर फिरतं. त्याची खिडकी उघडता आली असती तर अंतराळवीराने हात बाहेर काढून मधूनच एक नोट ओढली असती.

म्हणजे शेलमधून आपल्या पदरात काहीच पडलं नाही? पडलं, पण मालक म्हणून कमी आणि गिऱ्हाईक म्हणून जास्त. गेल कंपनीने २०११ मध्ये अमेरिकेच्या शेनिएरशी वर्षाला ३५ लाख टन द्रवरूप गॅस घ्यायचा वीस वर्षांचा करार केला. त्याचं पहिलं जहाज, मेरिडियन स्पिरिट, ३० मार्च २०१८ रोजी लागलं ते थेट आपल्या दाभोळला. उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून सहाशेपट आकसवलेला गॅस. असं जहाज काठोकाठ भरलं तर वजनाने घरगुती सिलिंडर होतील पन्नास लाख!

आणि रिलायन्स? तिने जमीन सोडली, गॅस नाही सोडला. अमेरिकेत शेल गॅसबरोबर इथेन नावाचा वायू इतका निघतो की तो मातीमोल झाला. प्लॅस्टिकसाठी तर तो उत्तम कच्चा माल. कंपनीने तो आणायला कोरियात सहा अजस्र जहाजं बांधून घेतली. नावं बघा: इथेन क्रिस्टल, एमराल्ड, ओपल, पर्ल, सफायर, टोपाझ. सराफाचं कपाट उघडल्यासारखं! प्रत्येकाच्या पोटात उणे नव्वद अंशांवरचा साधारण ४७ हजार टन इथेन. ह्यूस्टनजवळ भरायचा, दहेजला उतरवायचा, तिथून पाइपलाइनने हजिरा आणि आपल्या रायगडातल्या नागोठण्याला. वर्षाला १५ लाख टन. रोज अठ्ठावन्न वाघिणींची गच्च मालगाडी आणि वर पाच वाघिणी! सगळ्याचं प्लॅस्टिक करून गच्चीवरच्या हजार लिटरच्या, तीसेक किलोच्या टाक्या केल्या तर वर्षाला चार कोटी टाक्या.

शेवटचा हिशेब. सुएझमार्गे एका बाजूचं अंतर सुमारे १८ हजार किलोमीटर. वर्षाला बत्तीसेक खेपा, जाऊन-येऊन. साडेअकरा लाख किलोमीटर! मुंबई-पुण्याच्या भाषेत रोज एकवीस फेऱ्या, रविवारची सुट्टी न घेता. आकाशाच्या भाषेत वर्षाला दीड वेळा चंद्रावर जाऊन परत. नोटांच्या नऊ कळसूबाई रचून ज्या गॅसचं मालक व्हायचं होतं, तो उतरत्या भावात विकून त्यातून बाहेर पडावं लागलं, आणि त्याच दगडातला इथेन बाजारभावाने विकत घेऊन नागोठण्याच्या कारखान्यात त्याचं सोनं होतंय. एवढ्या अफाट मालात मालकापेक्षा गिऱ्हाइकाची चंगळ, आणि त्या चंगळीसाठी सहा रत्नं वर्षभर समुद्रात धावताहेत, दीड चंद्र!